हॉलिसला मॅच कोण सांगणार

ऑगस्ट लागला की आमच्या गावातली शहाणी माणसंसुद्धा कामातून जातात, आणि यंदा तर विचारूच नका. पेट्रोल भरायला जा, पोस्टात जा, दाताच्या डॉक्टरपुढे तोंड उघडून पडा, एकच प्रश्न: कोल्बी की टॉलिव्हर? विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात हाताने चेंडू फेकायला क्वार्टरबॅक एकच उभा राहतो, दुसरा टोपी घालून मैदानाच्या कडेला. कुणाला खेळवायचं आणि कुणाला टोपी घालायची हे ठरवायला कोचला रग्गड पगार आहे. पण आमच्या अलाबामात उंटावरून शेळ्या हाकणारे इतके, की एखाद्या दिवशी उंट कमी पडतील.

त्यातले दोन माझ्याच पदरात पडलेत. एक माझा थोरला भाऊ हॉलिस, दुसरा माझा नवरा ड्वेन.

हॉलिस एकाहत्तर वर्षांचा आहे. एकतीस वर्षं विजेच्या खांबांवर चढला. वादळ आलं की गाव घरात शिरायचं आणि हा बाहेर पडायचा. तार कुठे तुटली ते खालूनच सांगायचा, इतकी नजर तेज. आणि नेमकी तीच गेली. सात वर्षांपूर्वी डोळ्यांतला मधला भाग गेला. कडेचं अजून दिसतं, पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच नेमकं धुरात. म्हणून त्याला कुणाला बघायचं असलं की तो त्या माणसाच्या कानापलीकडे बघतो. नवखा माणूस मागे वळून पाहतो, कोण आलंय म्हणून. आम्हाला ठाऊक आहे, हॉलिस कानाकडे बघायला लागला म्हणजे तो तुम्हाला नीट बघतोय.

त्याची बायको जून जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. राहता राहिलं ते स्टेडियम. चौतिसाव्या ओळीतल्या तीन जागा आमच्या वडिलांनी घेतलेल्या. दर वसंतात त्या परत आपल्या नावावर करून घ्यायच्या असतात आणि एकदा सोडल्या की सुटल्या, मागे हजारोंची रांग आहे. डोळे गेल्यावर पहिल्या वर्षी हॉलिस कानात रेडिओ घालून बसला. पण रेडिओवरची मॅच मैदानातल्या मॅचच्या मागे चालते, चांगले आठ-दहा सेकंद. सगळं स्टेडियम ओरडून खाली बसलं की हा उठायचा आणि एकटाच टाळ्या वाजवायचा. एकदा पुढच्या ओळीतली कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली. हॉलिसने रेडिओ कानातून काढला, शेंगांच्या टरफलांच्या पिशवीत टाकला आणि म्हणाला, "नेल, चल घरी."

तेव्हा ड्वेन त्याच्या कानाशी वाकला आणि बोलायला लागला.

हा माझा नवरा म्हणजे शाळेची बस अठ्ठावीस वर्षं चालवलेला माणूस. घरी जेवताना "मीठ" म्हणतो, "दे" म्हणायचा कंटाळा. आणि तिथे त्याला असं तोंड फुटलं की मी बघतच राहिले. "तीस यार्डांच्या रेषेवर आहेत. मागे आला. डावीकडे बघतोय. अजून बघतोय. टाकला. मधे. झेलला, पडला, सात यार्ड." हॉलिस सगळ्यांबरोबर उठला, सगळ्यांबरोबर टाळी वाजवली. त्यानंतर सहा वर्षं असंच चाललं. दोघांच्या शेजारी बसून उकडलेल्या शेंगा सोलायच्या आणि गप्प राहायचं, एवढंच माझं काम.

यंदा त्या सगळ्याला दृष्ट लागली. कोल्बी प्रूइट हा शेजारच्या काउंटीतला मुलगा, चार वर्षं टोपी घालून उभा राहिलेला, शांत, सरळ. टॉलिव्हर मोबील शहरातून आलेला, अठरा वर्षांचा, पायाखाली निखारे असल्यासारखा पळणारा. पहिल्या दोन मॅचेसमध्ये कोचने कोल्बीला सुरुवातीला उभं केलं आणि टॉलिव्हरला अधूनमधून थोडा वेळ आत सोडलं. झालं, गावाचे दोन तुकडे पडले. ड्वेन कोल्बीचा, हॉलिस टॉलिव्हरचा. मी कुणाची, हे मला आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

तिसऱ्या मॅचच्या आधीच्या बुधवारी चर्चमध्ये सगळ्यांचं जेवण होतं. कोंबडी तळलेली, मक्याची भाकरी, पाच जणींनी आणलेली पाच प्रकारची बटाट्याची कोशिंबीर. पास्टरची प्रार्थना संपते न संपते तोच सुरू झाले.

"चार वर्षं पोराने कड धरून काढली," ड्वेन म्हणाला. "आता त्याची पाळी आली, तर कालचं पोर आणून उभं करायचं?"

"पाळी न्हाव्याकडे असते," हॉलिस म्हणाला. "मैदानावर नसते."

रॉइस टिडमोर, आमच्या मागच्या ओळीत बसणारा, तोंडात घास घेऊन म्हणाला, "कोल्बी चेंडू टाकेपर्यंत माझी एक तंगडी खाऊन होते."

"तुझ्या तंगडीचा वेग सगळ्या चर्चला माहीत आहे, रॉइस," मी म्हटलं.

पास्टरने समजूत घालायची म्हणून सांगितलं, "देवाला दोन्ही लेकरं सारखीच."

"देवाचं ठीक आहे हो," रॉइस म्हणाला, "त्याला शनिवारी खेळायचं नाहीये."

हॉलिसने काटा खाली ठेवला. "मी तुम्हाला सांगतो. एप्रिलमध्ये सरावाची मॅच होती ना, स्टेडियम रिकामं. तेव्हा मी ऐकलंय. कोल्बीचा चेंडू हातात पडतो तो धप्प. टॉलिव्हरचा चट् करून बसतो. झेलणाऱ्याला हात हलवावा लागत नाही."

"आवाजावरून कलिंगड घेतात," ड्वेन म्हणाला. "क्वार्टरबॅक नाही."

"कलिंगडातलं तरी तुला कुठे कळतं? जुलैत आणलंस ते आतून पांढरं निघालं."

सगळं टेबल हसलं. मीही हसले, ती माझी चूक. ड्वेन कानापर्यंत लाल झाला. घुम्या माणसाला चारचौघांत हसलं की त्याच्या तोंडून काय निघेल याचा नेम नसतो.

"आणि तुला फार कळतं," तो म्हणाला. "तुला दिसतंय काय, हॉलिस? तो पोरगा डाव्या हाताने टाकतो की उजव्या, ते तरी पाहिलंयस तू?"

कोशिंबिरीतला चमचा कुणीतरी तसाच धरून ठेवला.

"उजव्या," हॉलिस म्हणाला. "तूच सांगितलंस." मग त्याने तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली आणि माझ्या दिशेला वळला. "नेल, मला घरी सोड."

गुरुवारी सकाळी मी दार उघडलं तर आमच्या ओसरीवरच्या झोपाळ्यावर वडिलांची स्टेडियममध्ये बसायची गादी. हॉलिसनेच आणून ठेवलेली. चालत आला असणार, काठी घेऊन, अर्धा मैल. मी ती गादी उचलून आत नेली आणि ड्वेनच्या कॉफीशेजारी आपटली.

"जा आणि माफी माग."

"मी खोटं बोललो?"

"खोटं बोलला असतास तर चाललं असतं."

"मी त्याला एवढंच सांगत होतो की कोल्बी..."

"कोल्बीचं नाव या घरात काढलंस तर बघ. सहा वर्षं त्याचे डोळे झालास आणि बुधवारी तेच डोळे त्याच्या ताटात काढून ठेवलेस."

त्याने कॉफीचा घोट घेतला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मला वाटलं हट्ट आहे, पण गादीवर हात ठेवून तो बराच वेळ बसून राहिला, ते मात्र हट्टासारखं दिसत नव्हतं. तेव्हा विचारायला हवं होतं. पण माझं डोकं इतकं तापलेलं होतं की मी भांडी घासायला निघून गेले.

हॉलिसकडे गेले. म्हटलं, शनिवारी मी सांगेन तुला मॅच.

"तू?"

"पन्नास वर्षं तिथे बसतेय. आंधळी आहे का मी?" बोलले आणि जीभ चावली. हॉलिस मात्र त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.

"ये घ्यायला," तो म्हणाला. "एवढी एक बघू. पण नेल, वसंतात जागा सोडून देऊ. रॉइसच्या मुलाला हव्यात. मला आता कुणाच्या उपकारावर बसायचं नाही."

आमच्या वडिलांनी त्या जागांसाठी एका हिवाळ्यात कोट घेतला नव्हता. शनिवारपर्यंत मला नीट झोप लागली नाही.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं एका गाडीतून गेलो. ओळ चौतीसमध्ये या वेळी मी मधे बसले, डावीकडे हॉलिस, उजवीकडे ड्वेन, हाताची घडी घालून, कुणी फोटो काढायला बसवल्यासारखा. संघ मैदानात आला आणि चेंडू हातात घेऊन उभा राहिला टॉलिव्हर. कोल्बी टोपी घालून कडेला. मला वाटलं, आता ड्वेन उठून जाणार. तो उठला नाही, नुसता पांढरा पडला.

"सांग," हॉलिस म्हणाला.

"टॉलिव्हर आहे."

"ते लोकांच्या ओरडण्यावरून कळलं. पुढे."

"मागे आला. पळाला. नाही, थांबला. फेकला. नाही, नाही फेकला, त्याच्याच हातात आहे. अगं बाई, कुठे गेला..."

"नेल, चेंडू कुठे आहे?"

"मला काय माहीत! सगळे एकमेकांवर पडलेत."

पन्नास वर्षं मी तिथे शेंगा सोलत होते, मॅच कधी पाहिलीच नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. लोक उठायचे, हॉलिस माझ्याकडे मान वळवायचा, आणि मी सांगेपर्यंत पुढचा डाव सुरू. मागून रॉइस मदत करायला गेला, पण त्याच्या तोंडात काही ना काही असायचंच. हॉलिसने एकदाही टाळी वाजवली नाही. काय झालं ते कळल्याशिवाय तो वाजवत नाही, नुसत्या गोंगाटावर तर नाहीच.

मदतीसाठी म्हणून मी ड्वेनकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. हळू आवाजात, स्वतःशी, तो मॅच सांगत होता. मी कान दिला. "उजवीकडे पळाला, टाकला, नाही, थांब..." आणि त्याचं "थांब" व्हायच्या आत समोर डाव संपलेला असायचा. कपाळावर घाम. सप्टेंबरचं ऊन होतं, पण तो घाम उन्हाचा नव्हता.

मध्यंतर झालं. बँडवाले मैदानात आले. हॉलिसने काठी हातात घेतली.

"चल, नेल. पुरे झालं. तुझा दोष नाही."

मी त्याची बाही धरली. तेवढ्यात ड्वेन माझ्यावरून वाकला.

"मला त्याचा खेळ सांगता येत नाही," तो म्हणाला.

हॉलिस थांबला. "काय?"

"टॉलिव्हरचा. तोंडात शब्द येतो तोवर चेंडू गेलेला असतो. मी मागे पडतो. कोल्बी थांबतो, बघतो, मग टाकतो, तेवढ्यात माझं बोलून होतं." ड्वेनने तोंडावरून हात फिरवला. "मागच्या मॅचला दोनदा चेंडू कुठे गेला मला कळलंच नाही. मी मनाने ठोकून दिलं. बुधवारी तुला म्हणालो ना, दिसतंय काय. मलाच दिसत नाही, हॉलिस. तो खेळला तर तू परत उशिरा टाळ्या वाजवणार आणि ती पोरं परत हसणार. म्हणून कोल्बी पाहिजे होता मला."

मला या माणसाला शेंगांच्या पिशवीने बडवावंसं वाटलं. सगळ्या गावाशी महिनाभर भांडला, चर्चमध्ये स्वतःची शोभा करून घेतली, आणि एवढं एक वाक्य बोलायला याची जीभ झिजत होती. आणि तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मला स्वतःचाच राग आला.

मान थोडी वळवून हॉलिस ड्वेनच्या कानापलीकडे बघत राहिला.

"ठोकून दिलंस ते मला कळलं होतं," तो म्हणाला. "तू डावीकडे म्हणालास, लोकांचा ओरडा उजवीकडून उठला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू दमलेला वाटलास." त्याने काठी परत जागेखाली सरकवली. "उशिरा सांग. मला कुठे गाडी पकडायचीय?"

मी उठले आणि ड्वेनला मधे ढकललं. घरून आणलेली वडिलांची गादीही त्याच्याखाली सरकवली.

मध्यंतरानंतर टॉलिव्हरने चेंडू घेतला, डावीकडे पळाला, वळला, आणि पडता पडता असा काही फेकला की थेट शेवटच्या रेषेपलीकडे, टचडाउन. सगळं स्टेडियम उठलं. कानठळ्या बसल्या. लोक नाचले, मिठ्या मारल्या, खाली बसले. हॉलिस बसूनच होता, मान खाली, ड्वेनचं तोंड त्याच्या कानाशी. ड्वेन घाईच करत नव्हता. "डावीकडे पळाला. दोघं मागे लागले. वळला. पाय घसरला त्याचा, पण हात मोकळा होता. उजव्या हाताने टाकला. लांब. फार लांब. सत्त्याऐंशी नंबरने उडी मारली. बोटांच्या टोकांवर घेतला. पाय मैदानाच्या आत आहेत. झाला."

एव्हाना सगळे बसले होते. पुढच्या ओळीतली पोरं फोन बघत होती. हॉलिस उठला आणि एकटा टाळ्या वाजवायला लागला, जोरजोरात, खांबावर हातोडा मारल्यासारखा. पोरं वळून बघायला लागली. मग ड्वेन उठला, त्याच्या शेजारी. तोही वाजवायला लागला, आणि एका पोराकडे असं पाहिलं की त्या पोराने मान परत पुढे वळवली.

माझे गुडघे सकाळपासून दुखत होते. मांडीवर शेंगा होत्या. मी शेंगा खाली ठेवल्या आणि मीही उठले.