मुकं मशीन

नाशिकला डिझाइन शिकायला आल्यापासून अरिबाने कॉम्प्युटरवर पुष्कळ कामं केली होती. पोस्टरं झाली, चहाच्या पाकिटांची वेष्टनं झाली. पण एकातही नांदगावचं तिचं घर नव्हतं. शेवटच्या वर्षी मात्र तिने अब्बूंवर छोटी ॲनिमेशन फिल्म केली. अब्बू लोकांचे कपडे शिवतात. मशीनवर वाकलेली त्यांची पाठ तिने जीव ओतून रंगवली आणि मागे इंटरनेटवरचं संगीत घातलं.

मॅडम म्हणाल्या, "चित्र छान आहे गं, पण मशीन मुकं आहे."

अरिबा ओशाळली. ज्या आवाजात ती लहानाची मोठी झाली, तो तिला आठवलाच नव्हता. दुपारी हॉस्टेलच्या रिकाम्या खोलीतून तिने फोन लावला.

"अब्बू, फोन मशीनजवळ ठेवा आणि शिवत राहा. मला आवाज रेकॉर्ड करायचाय."

"एवढंच ना, बेटा?" ते हसले आणि शिवायला लागले. हळूहळू फोन चालू असल्याचं ते विसरूनच गेले. मध्येच मशीन थांबवून अम्मीला म्हणाले, "आबिदा, हा रंग अरिबाला खुलून दिसेल. शिवला असता एक ड्रेस, पण पोरीचं आताचं माप कुठं ठाऊक आहे मला?"

इकडे अरिबा तोंडावर ओढणी दाबून ऐकत राहिली.

नव्या आवाजासह फिल्म दाखवली तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. अब्बूंचं बोलणं तिने त्यातून कापून स्वतःपाशी ठेवलं होतं. ते ऐकवावं असं तिथे तिचं कुणी नव्हतं.