सुलभाताईंची संगणकभाषा

सुलभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरला, मुलीच्या क्लासबाहेर गाडीवर बसून होतो. "मॅडम गेल्या, सर…" एवढंच ऐकू आलं. नांदेडच्या कॉलेजात आम्ही बरोबरीनं संगणक शिकवला. इंग्रजीला बिचकणाऱ्या पोरांसाठी त्यांनी प्रोग्रामिंगची एक छोटी भाषा तयार केली होती, सगळ्या आज्ञा मराठीत. पोरांना तिचं भारी कौतुक. पण कुणी ती भाषा वाखाणली की ताई खाली मान घालत. कारण मला ठाऊक होतं.

आमची विद्यार्थिनी शबाना कंधारची. तिचे वडील तिथल्या बसस्थानकावर माईकवरून गाड्या पुकारायचे. ते वारल्यावर तिनं त्यांच्या आवाजाची रेकॉर्डिंगं जमवली, आणि ताईंच्या भाषेत चार ओळी लिहून ती रेकॉर्डिंगं 'आवाज' नावाच्या फोल्डरात हलवायला सांगितली. फोल्डर करायचा मात्र राहून गेला होता. भाषेनं तक्रार केली नाही. फोल्डर नाही, म्हणजे 'आवाज' हे फाइलचंच नवं नाव असेल असं धरून तिनं पहिली फाइल त्या नावानं ठेवली, दुसरी तिला पुसून तिच्या जागी, तिसरी दुसरीच्या… आणि शेवटी पडद्यावर 'काम झालं'. उरली फक्त शेवटची फाइल. दुसरी प्रत कुठंच नव्हती.

"मेमरी कार्ड खराब झालं म्हणा," ऑफिसातलं कुणी म्हणालं. ताई थेट कंधारच्या गाडीत बसल्या, मी सोबत. शबानाच्या आईपुढं त्या उभ्यानंच म्हणाल्या, "पोरीची चूक न्हाई. नसलेल्याला नाही म्हणायला मीच भाषेला शिकवलं नव्हतं."  

शबानानं उरलेलं रेकॉर्डिंग लावलं. एक खाकरणं, मग "माईक चालू हाय का?" बस्स.

आईनं ते पुन्हा लावायला सांगितलं. "लई खाकरायचे…" ती म्हणाली. मग ताईंचा हात धरला, "रडू नका बाई. एवढं तरी हाय ना."

 परतीच्या गाडीत ताई म्हणाल्या, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्याच आठवड्यात त्यांनी भाषा बदलली.

ताई गेल्यानंतर, परवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका मुलीनं फोल्डरचं नाव चुकवलं. पडद्यावर ताईंचं वाक्य आलं: 'हा फोल्डर सापडला नाही. मी काहीही हलवलेलं नाही. घाबरू नको, तुझ्या फाइली जागेवर आहेत.'

मुलीनं नाव दुरुस्त केलं. मला मात्र थोडा वेळ खिडकीकडं तोंड करून उभं राहावं लागलं…