टेबलावर ठेवलेली ओटी

१२ ऑक्टोबर. सकाळपासून सीताफळाचा गर काढतेय आणि त्या वासानं ती परदेशी बाई आठवली. काही वर्षांपूर्वी आइस्क्रीमसाठी आमच्या बचत गटाचा गर घ्यायला ती नेकनूरला आली होती. आमचा पहिलाच मोठा सौदा. गर तिला आवडला. निघताना गटातल्या थोरल्या मावशींनी तिला गळ्यातला स्कार्फ पदरासारखा धरायला लावून ओटी भरली. तिनं खण उलगडून पाहिला, नारळासकट टेबलावर ठेवला आणि काहीतरी बोलली. सोबतचा पुण्याचा दुभाषी म्हणाला, "मॅडमना फक्त गर हवाय. कापड, नारळ नको." मावशी कडाडल्या, "भरली ओटी माघारी देतेत व्हय? न्हाई द्यायचा हिला गर!" बायांनी डबे उचलून आत नेले. मी दुभाष्याला विचारलं, "ती परकी हाय. तुमी तर मराठी, तुमी कावून सांगितलं न्हाई तिला?" तो हसला. "असल्या गावठी गोष्टी त्यांना कशाला सांगायच्या?" माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना घेऊन मी बीडला तिच्या हॉटेलात गेले, दुभाष्याला दाराबाहेर बसवलं आणि ओटी म्हणजे काय, इथपासून बोलणं सुरू केलं.