तानूबाईची रिकामी खोली

“आज्जे, वरच्या खोलीत कोण राहतंय?”

“दिली म्हनलं ना. भाडेकरू हाय.”

“नाव काय त्याचं?”

“नाव कशाला पायजे? लगीन लावायचंय?”

“दाराबाहेर चपला आहेत त्या आपल्या आजोबांच्या. अंगठ्याला तार मारलेल्या. भाडेकरू मेलेल्या माणसाच्या चपला घालून फिरतोय का?”

तानूबाईनं मळून झालेलं पीठ परातीत पुन्हा मळायला घेतलं.

“आणि दोरीवर तुझंच लुगडं. ओलं करून टाकलंस. मी खिडकीतनं बघितलं, आज्जे. खोलीत चुन्याच्या डबड्याशिवाय काही नाही.”

“बघितलंस तर इचारतीस कशाला मग?”

पुण्याजवळच्या भुकूममध्ये मोठ्या रस्त्यापासून आत, तानूबाईच्या घरावर भाड्यानं द्यायच्या दोन खोल्या आहेत. एकीत एक कुटुंब राहतं, दुसरी महिनाभर रिकामी आहे. नात सोनिया एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. तिथलीच नर्स लालरेमी, मिझोरामची. तिला रविवारपर्यंत राहती खोली सोडायची आहे. सोनियानं तिला आज्जीच्या खोलीचा शब्द दिला होता. सकाळी सोनिया ड्युटीवर असताना लालरेमी खोली बघायला आली. तानूबाईनं तिला ओट्यावर बसवलं, चहा पाजला, आईबापाची चौकशी केली आणि हळहळत सांगितलं, “कल ही दिया बेटा. जरा लेट हो गया.” वर बोट दाखवून चपला आणि लुगडंही दाखवलं.

संशय घेणं हा तानूबाईचा जुना धंदा. दूधवाल्याच्या मापाकडं ती एक डोळा बारीक करून बघते. भाडेकरूच्या पिशवीत काय आहे, पाहुणा किती वेळ बसला, सगळं तिला माहीत असतं. पण कुणाला तोंडावर ती वाईट बोलत नाही. तोंडावरचं तिनं फार ऐकलंय.

ती मूळची रिहे गावाच्या वरच्या अंगाची, धनगरवस्तीतली. भाताची कापणी झाली की बापाबरोबर मेंढरं घेऊन मुठा नदीच्या खोऱ्यात उतरायची. तिथले विठ्ठलराव स्वतः माणूस पाठवून कळप बोलवायचे. रात्रभर मेंढरं त्यांच्या भातखाचरात बसली की पुढच्या भाताला खत झालं. पण त्यांच्या अंगणात चुना फासलेला एक दगड होता, आणि धनगरानं त्याच्या अलीकडंच थांबायचं. तहान लागली तर ओंजळ धरायची, वरनं पाणी पडायचं. तानूबाई हे सांगते तेव्हा मान ताठ करून, पोट पुढं काढून विठ्ठलरावच बनते. “ए पोरी, तितंच. तितंच थांब.” मग पुन्हा तानूबाई होऊन म्हणते, “लेंड्या शेतात चालायच्या त्यांना. आमी अंगणात न्हाई.”

सोनियानं ही गोष्ट शंभरदा ऐकली होती. आज तिनं तीच काढली.

“विठ्ठलरावाला शिव्या घालतीस ना तू?”

“घालनारच की. हाडं मसनात गेली त्याची, तरी घालनार.”

“मग आज तू काय केलंस?”

“मी?” तानूबाईनं पिठाचे हात वर केले. “मी तिला ओट्यावर बसीवलं. आपल्या कपात च्या दिला, बशीत दोन खारी दिल्या. कुटं दगड दिसला तुला हितं?”

“दगड असता तर बरं. तुला निदान कळत होतं कुठं थांबायचं. तिचा मला फोन आला. म्हणाली, ‘तुम्हारी दादी बहुत अच्छी है.’ आणि जरा थांबून विचारलं, ‘सोनिया, सच में लेट हुआ क्या?’”

परातीतले हात थांबले.

“भुगावात तिला लेट झालं, बावधनात लेट झालं. तिथंपण चहा दिला होता. आता कुणी प्रेमानं बोललं की ती घाबरते, आज्जे. खरं बोलतंय का बनवतंय, रोज ओळखत बसायचं.”

“तू काय सांगितलंस?”

“बघून सांगते म्हणाले.”

तानूबाईनं एक गोळा तोडला, हातावर फिरवला, परत परातीत टाकला.

“मला काय हाय? पोरगी गरीब वाटली. पर लोकं काय म्हनतील? त्यांचं खानं येगळं, वास येतो, डोळं बारीक, कोन कुटलं कळत न्हाई. पुन्यांदा फॅमिलीवाला भाडेकरू मिळायचा न्हाई म्हनत्यात.”

“कोण म्हणतंय?”

“लोकं.”

“लोकं म्हणजे?”

“शेजारचा किशोर.”

“किशोर एकटा म्हणजे लोकं? त्याच्याच पोल्ट्रीच्या वासानं आपले दोन भाडेकरू पळाले.”

तानूबाईला हसू येत होतं, तिनं ते दाबलं. चुलीवर तवा धुरायला लागला.

“बरं,” ती म्हणाली. “बोलीव तिला. खोली दे.”

“खरंच?”

“व्हय. तिला म्हनावं, काल ठरलेली मानसं आलीच न्हाईत. गावाला गेली. खोली मोकळी झाली.”

“म्हणजे परत खोटंच सांगायचं.”

“मग काय सांगू?” तानूबाईचा आवाज एकदम बारीक झाला. “रविवारी सामान घिऊन दारात येईल ती. रोज जिन्यात गाठ पडंल. काय सांगू तिला? तुजं तोंड बघून न्हाई म्हनले, आसं सांगू? आसलं खरं ऐकून ती आलीच न्हाई तर बरं हुईल का? तू शिकलेली हायेस. तूच सांग. सांग की.”

सोनियानं खुंटीवरची ओढणी घेतली, स्कूटरची किल्ली उचलली आणि “तिला घेऊन येते. काय ते तूच सांग,” म्हणत ती बाहेर गेली.