बुधवारी थोरली रिकामी

आटपाट माळ होता. माळावर रंगाचा कारखाना होता. कारखान्यात दोन केटल होत्या, एक थोरली, एक धाकटी. थोरली आवडती, धाकटी नावडती. थोरलीवर सुभेदार होता, धाकटीवर माझा ल्योक तानाजी होता, आन् पत्र्याच्या शेडात शेगडीपाशी मी होते.

माळ म्हंजे माधवनगरच्या पल्याडचा. केटल म्हंजे रंग शिजवायचं पोलादी भांडं, मानूस आत उभा ऱ्हाईल एवढं दांडगं. रंग दोन्हींत शिजतो, पर सुकवायला ड्रायर एकच. ह्ये ध्यानात ठेवा, पुढं लागनार हाय.

कँटीन माझं. चहाला येनारा मानूस साबनानं हात धुवून येतो, तरी कपाच्या कानाला निळं-तांबडं लागतंच. किस्से बी मला तसेच लागले. एक पुसावा तर दुसरा उमटतो. म्हनून नातीला म्हनलं, मी बोलते, तू लिही.

नात म्हंजे आशी, तानाजीची लेक. केमिकलचं शिकून आली आन् बापाच्याच कारखान्यात लागली, पर कच्च्या कागदावर. शेठनं पयल्या दिवशीच सांगितलं, "दिवाळीआधी गिरण्यांची बारा रंगांची ऑर्डर आहे. तुमच्या कंप्युटरनं ती वेळेत काढून दाखवली तर तुम्ही पक्क्या. नाही तर धाकटी केटल बंद करतो, तिच्यावरची माणसं घरी."

एका ऑर्डरीवर बापाची केटल बी टांगली आन् लेकीची नोकरी बी.

*

पयल्या हप्त्यात आशी घरी फोनवर कुनाला तरी सांगत होती, "केटल रिकामी राहता कामा नये. रिकामी राहिली की तेवढा वेळ वाया."

माझ्या कानावर पडलं. आमच्या कँटीनात चहाच्या किटलीला बी समदे केटलच म्हनतात, सुभेदारानं मिलिटरीतनं आनलेली सवय. मी मनात म्हनलं, शेठचा नवा कायदा दिसतोय. दुसऱ्या दिवसापास्नं किटली जरा हलकी झाली की मी आधन टाकायची. कोन न्हाई म्हनला तरी कप भरायची. नातीची नोकरी हाय, आपल्यापायी बोल नको.

चौथ्या दिवशी सुभेदार हात जोडून उभा. "मावशी, बॉर्डरवर बी कुनी एवढं पाजलं न्हाई. सात कप झाले. केटलपाशी थांबू का मागच्या भिंतीपाशी, एक काय ते सांगा."

तानाजी हसून हसून खाली बसला. मग मला उलगडून सांगितलं.

मी म्हनलं, "मग कुठली केटल ते आधी सांगायचं न्हवतं व्हय?"

*

आशी काय करती ते मला बी लय दिवस कळंना. मग तिनंच सांगितलं. भातुकली मांडावी तसा ती कंप्युटरात कारखाना मांडती. दोन केटल, एक ड्रायर, मान्सं, धुनं, समदं आकड्यांचं. मग त्याला इचारायचं, कुठला रंग कवा शिजवू? तो हजार परीनं मांडून मोडतो आन् त्यातलं बरं ते सांगतो. त्याला म्हनायचं मॉडेल.

पयला कागद आला. सुभेदारानं वाचला आन् टोपी काढून हातात घेतली. "म्याडम, काळ्यावर लिंबू पिवळा?"

"हो काका. मधे एक तास धुवायला ठेवलाय."

"एक तास?"

"प्रत्येक रंगानंतर एक तास."

सुभेदार हुकूम पाळनारा मानूस. धाकटीत थोडकाच माल लावून बघितला. पिवळा निघाला खरा, पर कावीळ झालेल्या बेडकागत. त्यात परत तानाजीच्या केटलीतनं निघाला. शेठनं ड्रमात बोट घातलं, बोटाकडं बघितलं, बाप-लेकीकडं बघितलं आन् बोट धाकटीच्या झाकनाला पुसून गेला.

आशी माझ्याजवळ येऊन बसली. ताट वाढलं तर हात लावंना. मी जेवनाच्या कुरडया तळत होते. कुरडया झाल्यावर सांडगी मिरच्या तेलात सोडल्या.

"आज्जी, मिरच्या शेवटी का?"

"मिरच्यांच्या तेलात कुरडई टाकली तर काळी पडंल, तिखट लागंल. कुरडईच्या तेलात मिरचीला काय हुतंय?"

पोरगी ताटावरनं उठली. वही घिऊन सुभेदाराला गाठलं, आन् कुठल्यामागं कुठला रंग आला तर धुवायला किती वेळ, ह्येचा तक्ता मांडाय बसली. बारा रंग उभे, बारा आडवे. सुभेदार तोंडानं सांगतोय, ही लिवतीय.

"काळ्यामागं पिवळा?"

"आठ तास. आन् दोन मान्सं."

"आणि पिवळ्यामागं काळा?"

"त्याला धुवायचं कशाला, म्याडम? बादलीभर पानी नुसतं दाखवायचं."

*

ह्ये एस्टीतलं. इस्लामपूरला भाचीचं डोहाळजेवन उरकून मी आन् आशी सांगलीला येत होतो. आशीच्या शेजारी हिरव्या इरकलीतली एक बाई. एवढ्यात फोन वाजला. एस्टीच्या खडखडाटात ऐकू येईना, म्हनून आशीनं आवाज मोठा केला.

"काका, तुमची पाळी चुकलीय."

तिकडनं सुभेदाराचा आवाज, गडगडता. "व्हय म्याडम, चुकली. पोट बिघडलं हुतं."

"असू दे. आता पुढच्या हप्त्यात दोन पाळ्या धरते."

"धरा. दोन काय, तीन धरा."

बाई आधी खिडकीला चिकटली. मग उठली आन् पार ड्रायव्हरमागं जाऊन उभी ऱ्हायली. मी तिला सांगनार हुते की कारखान्यातली पाळी हाय म्हनून. पर आशी म्हनली, "आज्जी, राहू दे. जागा मिळाली, पाय पसर."

*

मॉडेलला प्रत्येक कामाचा खरा वेळ सांगावा लागतो. सुभेदाराला इचारावं, बॅचला किती वेळ? "दो घंटा." कुठली बी बॅच असू दे, दो घंटा. म्हनून आशी सोताच घड्याळ घिऊन पंधरा दिवस केटलपाशी बसली, आन् तिला एक चमत्कार दिसला. बाकीच्या दिवशी बॅच वेळेत, गुरुवारी मातुर अर्धा तास जादा. दोन्ही केटलींवर.

तिनं पानी तपासलं. वाफेचा दाब बघितला. गुरुवारी वीज कमी येती का म्हनून वायरमनला गाठलं. त्यो म्हनला, गुरुवारी उलट बरी असती. पोरगी कागदावर कागद फाडतीय.

शेवटी मीच इचारलं, "कुठला वार म्हनलीस?"

"गुरुवार."

"गुरुवारी माझी कांदाभजी असत्यात."

आशी माझ्याकडं बघतच ऱ्हायली. समदी मान्सं एकदमच खाली येत होती, आन् केटल वर एकलीच ढवळत बसत होती. त्या दिवसापास्नं भजी दोन घान्यांत केली, आधी धाकटीवाले, मागनं थोरलीवाले. गुरुवार सुधारला, अर्ध्या तासाची पाच मिनिटं झाली. तेवढी आशीनं कंप्युटरात तशीच ठिवली. त्या वळीला नाव काय दिलंय म्हनता? आज्जी.

शेठनं एकदा वाचून इचारलं, "हे कुठलं केमिकल?"

*

आता ऑर्डरीचं सांगते.

आठ दिवस हातात, बारा रंग काढायचे. आशीनं शेवटचा कागद भिंतीला लावला, आन् त्यात लिवलेलं: बुधवार, सकाळची पाळी, थोरली रिकामी.

थोरली रिकामी! मिरवनुकीत नवरदेवाला घोड्यावरनं उतरवून चालवल्यागत झालं. सुभेदार म्हनला, "म्याडम, ती रिकामी मी नवी आली तवाच बघितली." शेठ लालबुंद. "ऑर्डर तोंडावर आणि मोठं भांडं मोकळं ठेवता?"

खोटं कशाला सांगू, मी बी आशीला कोपऱ्यात घेतलं. "पोरी, घाल की त्यात कायबाय. शेठच्या डोळ्यांसमोर रिकामं भांडं नको."

आशी म्हनली, "आज्जी, सकाळी भरली तर दुपारी तिचा लाल तयार होतो. तेव्हा ड्रायरवर पप्पांचा निळा असतो. लाल ओलाच बसून राहणार, नासणार, मग तो फेकून, थोरली धुवून परत पहिल्यापासून शिजवायचा. आत्ता थांबली तर पुढचे तीन दिवस कुठं थांबत नाही."

"कंप्युटर चुकला तर?"

"तर पप्पा घरी, मी घरी."

शेठ काय ऐकंना. तवा तानाजी पुढं झाला. जलमात शेठपुढं तोंड न उघडलेला मानूस. म्हनला, "शेठ, बंद पडली तर माझी केटल पडनार हाय, तुमची थोरली न्हवं. ऱ्हाऊ द्या ती रिकामी."

शेठनं हात झटकला आन् गेला. पर न्हाई म्हनला न्हाई.

बुधवारी सकाळी सुभेदारानं स्टूल घेतलं आन् रिकाम्या थोरलीपाशी ताठ बसला. मी म्हनलं, "हितं काय करताय?"

"ड्यूटी. बॉर्डरवरची चौकी रिकामी असली तरी पहारा लागतो."

शेठ तीनदा आला आन् तिन्ही वेळा आत वाकून बघून गेला. दुपारी थोरली भरली. सांजच्याला निळा ड्रायरमधनं उतरला, लाल केटलीतनं निघाला, आन् एक घटका न थांबता सरळ ड्रायरवर चढला. मग काय थांबतंय? लालामागं जांभळा, जांभळ्यामागं काळा, धुनं म्हंजे पानी दाखवायचं. गुरुवारची भजी मान्सांनी केटलपाशी उभ्या उभ्या खाल्ली.

ट्रक शनवारी सांजचा लागनार हुता. शुक्रवारी दुपारीच शेवटच्या ड्रमाचं झाकान बसलं, आन् ट्रक एक दीस आधी इचलकरंजीच्या वाटंला लागला.

शेठनं समद्यांसमोर आशीच्या हातात पक्का कागद दिला. तानाजीला म्हनला, "धाकटी बंद नाही करत. साताऱ्याहून दुसरा ड्रायर आणतोय, तिच्या एकटीचा." नावडतीला सोताचं घर मिळालं. तानाजी वर गेला आन् तिच्या झाकनावरनं फडकं फिरवत ऱ्हायला. पुसायला कायबी नसताना.

मग शेठ समद्यांना घिऊन माझ्या शेडात आला, खुर्ची ओढून बसला. "मावशी, चहा भरा. सगळ्यांना."

मी किटली उचलून उपडी करून दावली.

"अहो, आज? आज रिकामी?"

"तुमच्या म्याडमला इचारा," मी म्हनलं. "प्लॅनमधी तसंच हाय."

सुभेदारानं टोपी घातली, स्टूल उचललं, आन् किटलीपाशी पहाऱ्याला बसला.