पाच मोजेपर्यंत

काचेचा ग्लास हातात आला, की आमच्या लॅबमधले काका तो तिरपा करायचे आणि मनात पाच मोजायचे. चहा असो, सरबत असो. इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, एकदा दुधाच्या दाट शिकंजीचा अर्धा ग्लास त्यांनी जवळजवळ आडवाच केला, तेव्हा मी माझी ओढणी आवरून मागे सरकले. शिकंजी काठापर्यंत येऊन थबकली. काका दुकानदाराला म्हणाले, "भिया, आज माल बढिया जमलाय." मागचे लोक हसत होते, काकांना त्याचं काही नव्हतं.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याला काम अंगावरून उतरवून घरी जाता येत नाही. विजय नगरच्या आमच्या लॅबमध्ये इंजिन ऑइल तपासायला यायचं, आणि ते थंडीत कसं वागतं हे बघणं काकांच्या वाट्याचं. तेलाची बाटली गार करत न्यायची, दर तीन अंशांनी बाहेर काढून तिरपी करायची. तेल हललं की पुन्हा आत. हलेनासं झालं की आडवी धरून पाच सेकंद थांबायचं. तरी जागचं हललं नाही, तर ते गोठलं. पण रिपोर्टात तो आकडा जात नाही. त्याच्या तीन अंश वरचा जातो, जिथं तेल शेवटचं हललं होतं तो.

मी सांगलीहून नवीनच आले होते आणि तोंडाने फटकळ. म्हटलं, "काका, इंदूरच्या थंडीत खोबरेल सोडून गोठतं काय?"

"आपण इथं पोहे खाऊन आकडा लिहितो, बेटा. गाडी तिथं पहाडात बर्फात उभी असते."

गिऱ्हाइकांचे फोन यायचे. रिपोर्टात उणे तीस लिहिलंय, म्हणजे उणे तीसला गाडी सुरू होणार ना? काका त्यांना हिंदीत समजवायचे, आणि फोन ठेवून तेच मला मराठीत ऐकवायचे. "हललं म्हणजे चाललं नाही. हा आकडा तेल हलतं एवढंच सांगतो. इंजिन फिरेल का, ते खालच्या ओळीत आहे. ती कुणी वाचतच नाही यार." खालच्या ओळीत असायचं, कडक थंडीत स्टार्टर मारताना तेल किती घट्ट होतं ते. खरंच कुणी वाचत नसे. पहिले दोन महिने मीही वाचली नव्हती.

एका सोमवारी मी घाई केली. जेवणाच्या आधी काम उरकायचं होतं, म्हणून कधी गोठतंय या अधीरपणात अंशाअंशाला बाटली काढून हलवून बघत बसले. उणे सत्तावीस आलं, मी खूश. काकांची त्या दिवशी अर्धी रजा होती. पिशवी खांद्याला लावून निघता निघता त्यांनी माझा कागद पाहिला.

"किती वेळा काढली बाटली?"

मी खरं ते सांगितलं.

"मग खोटं आलं. गार होताना तेलातलं मेण आत जाळं धरत असतं. सारखं हलवलं की ते मोडतं, आणि तेल आहे त्याच्यापेक्षा चांगलं दिसतं." त्यांनी पिशवी खुंटीला परत अडकवली. "तू जेवून घे. मी करतो."

ते तेल पहाडातल्या ट्रकांसाठी जाणार होतं. तपासणी नव्याने करायला अडीच तास लागले. उणे एकवीस आलं.

त्याच अडीच तासांत घरी काकू स्वयंपाकघरात पडल्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. काका पोचले तेव्हा उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. लवकर आणलं असतं तर हात तरी वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. हे मला काकांनी नाही, त्यांच्या भाचीने सांगितलं. मी काकांपुढे रडले तेव्हा ते म्हणाले, "ते तेल तसंच गेलं असतं, तर तिकडे कुणी तरी अडकलं असतं ना." त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

काकांनी नोकरी सोडली. मी दर सोमवारी कामावर जायच्या आधी त्यांच्याकडे जायला लागले. काकूंचा उजवा हात उशीवर ठेवलेला असायचा. काका पलंगाजवळ खुर्ची ओढायचे. "बोट हलव गं," म्हणायचे आणि पाच मोजायचे. मग माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवायचे.

"रोज का नाही बघत?" मी एकदा विचारलं.

"सारखं बघितलं की खोटं दिसतं. भाची म्हणते काल हललं, नर्स म्हणते परवा हललं. मला खरं पाहिजे."

एका सोमवारी मला त्यांचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "आज हललंसं वाटलं, काका."

"हेच शिकवलं का मी तुला?" मग मान खाली घालून, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "हललं म्हणजे चाललं नाही, मला माहीत आहे बेटा. पण एकदा हलू तर दे."

असं दीड वर्ष गेलं. या जानेवारीत काकाच गेले. छातीत दुखतंय म्हणाले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतरच्या सोमवारी मी गेले. भाची आत चहा टाकत होती. खुर्ची पलंगाजवळ होती तशीच होती. बसू की नको, असं झालं. मग बसले, आणि दुसरं काही सुचेना म्हणून म्हटलं, "काकू, बोट हलवा."

मोजायला लागले. चाराला त्यांचं मधलं बोट उशीवरून जरासं उचललं गेलं आणि खाली आलं. मी पाच पुरे केले. पुन्हा हलवा असं म्हटलं नाही, भाचीला हाक मारली नाही.

काकू माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या दाराकडे बघत होत्या. मीही तिकडेच वळले, आणि दाराला सांगितलं, "हललं, काका."