सत्तावीस नंबरची हजेरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवापुढंसुद्धा नाही — तिथं मी नारळ फोडतो आणि गप निघून येतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायची माझी छाती नाही.

आधी माझं चांगलं सांगून घेतो. ती माझी सवयच आहे. लोहाऱ्यात तहसीलच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दहावीनंतर आमच्या वर्गातली पोरं पांगली — कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला, एकजण तर दुबईला. मी राहिलो. सहाएक वर्षांपूर्वी मनात आलं, सगळ्यांना गोळा करावं. ग्रुप मी काढला, यादी मी केली, दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या पटांगणावर स्नेहमेळावा मी भरवतो. कुणी सांगितलं नव्हतं मला. हौस होती.

आणि खरंच राबलो मी. मुलींना शोधणं सगळ्यात अवघड. माहेरचं आडनाव गेलेलं, एकदोघींचं तर सासरी नावही बदललेलं. मग तिच्या भावाच्या दुकानात जायचं. हा पन्नाशीचा बाप्या माझ्या बहिणीचा नंबर कशाला मागतोय, असं तो बघणार. त्याला वर्गाचा जुना फोटो दाखवायचा, त्याचा चहा प्यायचा, मग कुठं नंबर हाताला लागायचा. असं एकेक माणूस जोडत गेलो. पोरं ग्रुपवर मला 'बॅचचा तलाठी' म्हणायला लागली. यादीत नाव, नंबर, गाव, आणि शेवटी एक बारीक रकाना. माणूस गेला असेल तर त्यात फुली. माझ्या, म्हणजे विठ्ठलच्या यादीवर कुणी शंका घेत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

मेळाव्याला आमची एक रीत पडली होती. हिरेमठ सर हजेरी घ्यायचे. आमचे वर्गशिक्षक, गणिताचे. सून आणि नातवंडांबरोबर गावातच राहायचे, ऐंशी केव्हाच ओलांडलेली. शाळेनं रद्दीत काढलेला आमच्या वर्गाचा हजेरीचा कॅटलॉग त्यांनी जपून ठेवला होता. तो मांडीवर ठेवायचा, पण उघडायचा नाही — नंबर आणि नावं तोंडपाठ. एक नंबर, दोन नंबर... टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं ताडकन उठून "हजर सर" म्हणायची, आणि हसता हसता डोळे पुसायची.

सत्तावीस नंबरला सर थांबायचे. "सत्तावीस. रसूल." कुणी उठायचं नाही. सर वाट बघायचे — जरा जास्तच. मग म्हणायचे, "गैरहजर. पुढच्या वर्षी आना रे त्याला."

रसूल म्हणजे सरांचा जीव की प्राण. वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा. सर संध्याकाळी त्याला घरी बोलवून पुढच्या वर्गाची गणितं शिकवायचे. दहावीच्या तोंडावर त्याचे वडील गेले आणि आई पोरांना घेऊन माहेरी, कर्नाटकात निघून गेली. परीक्षेला तो बसलाच नाही. तेव्हापासून त्याचा पत्ता नाही.

माझा नंबर एकतीस. त्या नंबरला सर चष्मा शोधायचे. खिशात चाचपायचे, डोळ्यावर चढवायचे, कॅटलॉग उघडायचे, बोट फिरवायचे. "एकतीस... विठ्ठल. हाय का कुनी विठ्ठल?" सगळे खो खो हसायचे. मीही हसायचो. माईक मी लावलेला, खुर्च्या मी मांडलेल्या, सरांना घरून धरून आणलेलं मीच. दर शुक्रवारी त्यांच्या ओसरीवर बसून पेपर वाचून दाखवणाराही मीच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला धाराशिवला मीच घेऊन गेलो होतो. तिसऱ्या दिवशी त्यांना लख्ख दिसायला लागलं, तर माझ्याकडं बघून म्हणाले, "आपन कोन?" म्हातारपण होतं ते, कळत होतं मला. पण मग रसूल कसा लक्षात राहायचा? त्याच्या डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा?

वाचताय ना? अजून मूळ गोष्टीला हात घातलेला नाही मी. टाळतोय.

रसूल मला सापडला होता.

सीमेकडच्या गावातला एक माणूस लग्नाची कागदं झेरॉक्स करायला आला आणि बोलता बोलता त्यांच्या आचाऱ्याचं कौतुक करायला लागला. "किती मानसं येनार सांगा, तांदूळ-डाळ-तेल सगळं तोंडानं सांगतंय. लईच मोठा आकडा आसला तर भिंतीवर कोळशानं मांडतंय, आन बेरीज डावीकडनं करतंय." मी मशीन थांबवलं आणि त्या आचाऱ्याचा ठावठिकाणा लिहून घेतला. डावीकडून बेरीज हिरेमठ सरच शिकवायचे, आणि वर्गात ती एकालाच जमायची.

दुसऱ्याच दिवशी जीपनं उमरगा, तिथून एसटीनं पुढं. एका मंगल कार्यालयाच्या मागं तो दालच्याच्या भल्यामोठ्या डेगीपाशी उभा होता. भुवईवरचा व्रण तसाच. मी नाव सांगितलं. त्यानं एका क्षणात ओळखलं — "आरं इठ्ठल! एकतीस नंबर!" त्याला माझा नंबर आठवत होता. हातातला पळा टाकून त्यानं मला मिठी मारली. आणि मग पहिला प्रश्न काय विचारावा?

"सर हायत का रं?"

हायत म्हटल्यावर तो तिथंच चुलीपाशी खाली बसला. म्हणाला, "म्या कुनाला तोंड दाखवलं न्हाय. सर म्हनायचे तू इंजिनेर व्हनार. काय सांगू जाऊन, डेगा घासतो म्हनून? पर आता येतो म्या. एकदा पाय धरतो आन येतो. तू तारीख तेवढी कळव." साधा बटणांचा फोन होता त्याचा, ग्रुपवर घेता येत नव्हतं. मी नंबर घेतला, त्यालाही माझा दिला. त्यानं मला आग्रह करकरून जेवू घातलं.

परत येताना एसटीत मी मनातल्या मनात सगळं रंगवलं. मेळावा, सत्तावीस नंबर, रसूल उठतोय, सर रडतायत, पोरं व्हिडिओ काढतायत. आणि त्या व्हिडिओत मी कुठं? कोपऱ्यात. माईकची वायर धरून. मग त्याला दर शुक्रवारी ओसरीवर बोलावतील, आणि मी पेपर वाचायला लागलो की म्हणतील, थांब रे जरा, रसूल बोलतोय. माझं काय वाकडं केलं होतं त्यानं? काही नाही. शाळेत माझी गणितं तोच करून द्यायचा. त्याची मला भीती असती, काही जुनं वैर असतं, तर निदान कारण तरी म्हणता आलं असतं. माझ्या नुसतं पोटात दुखत होतं.

तारीख मी कळवली नाही. इथवर फार तर हलकटपणा म्हणता येईल.

मेळाव्याच्या दिवशी, भर दुपारी, मंडपात, सर सत्तावीस नंबरला आले. थांबले. मग मान वळवून म्हणाले, "तो यादीवाला कुठंय? काय रे यादीवाल्या, सापडला का माझा रसूल?"

यादीवाला. माझ्या हातात माईक होता. त्याच माईकमध्ये मी म्हणालो, "सर, तपास लागला. रसूल वारला."

दुसऱ्या माईकवर कुणीतरी म्हणालं, दोन मिनिटं उभं राहू. सगळे उठले. सरांना उठायला मी हात दिला. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत होते — वर्षं मोजत असतील. खाली बसल्यावर त्यांनी हातातला कॅटलॉग माझ्याकडं दिला. पुढची हजेरी त्यांनी घेतली नाही. त्या वर्षी नाही आणि नंतरही कधी नाही. एकतीस नंबर काही पुकारला गेला नाही.

त्या संध्याकाळी सांगता आलं असतं. चुकीची खबर होती सर, नावात घोटाळा झाला — एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी यादीत रसूलच्या नावापुढं फुली मारली.

पुढचं ऐका. पुढच्या शुक्रवारी सरांनी पेपर बाजूला ठेवला आणि विचारलं, "कसा गेला रे?" मी म्हणालो, तापानं. "त्रास झाला का?" थोडा झाला म्हणे. नंतरच्या शुक्रवारी त्याच्या बायकोबद्दल विचारलं, मी बायको रचली. मुलं रचली. शेवटी तुमचं नाव काढलं होतं म्हणे सर, असंही सांगितलं. ते ऐकून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "इठ्ठल, तू होतास म्हनून कळलं बाबा."

इठ्ठल म्हणाले ते. चष्मा न लावता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? लईच बरं वाटलं. त्यानंतर दर शुक्रवारी मी रसूलचं काहीतरी नवं दुःख घेऊन जायचो. म्हातारा माझी वाट बघत दारात बसलेला असायचा. तो रडायचा, आणि मी त्याला पाणी द्यायचो.

मध्ये एकदा रसूलचाच फोन आला. मेळावा कधी हाय रं, तू कळवलं न्हाईस. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी मी आरामात बाहेर येऊन बोललो. म्हणालो, "झाला मेळावा. तुझं नाव काढलं होतं मी सरांपुढं. पर सर चिडले. म्हनले, डेगा घासायला शिकवलं नव्हतं म्या त्याला. येऊ देऊ नको म्हनले."

तो म्हणाला, "खरंय त्यांचं." आणि वर, "त्यांस्नी जप मात्र. तू हायस तितं, बरं हाय."

त्यानं मला दुवा दिली. मी दुकानात येऊन राहिलेले झेरॉक्स काढून दिले.

सर मागच्या उन्हाळ्यात गेले. झोपेतच गेले. आदल्या शुक्रवारी त्यांनी माझ्याकडून तो कॅटलॉग पुन्हा मागवून घेतला, सत्तावीस नंबरवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आता भेटंल." कोण भेटणार होतं त्यांना तिथं? ज्याला भेटायचं होतं तो अडीच तासांवर कुणाच्या तरी लग्नात तांदूळ निवडत बसला होता. हे जगात एकट्या मला ठाऊक होतं. मी मान डोलावली आणि पेपरचं पुढचं पान काढलं.

मातीला सगळी बॅच आली. त्यांच्या शेतात, लिंबाच्या झाडाखाली, मीही मूठभर माती टाकली. लोक माझ्या पाठीवर हात ठेवत होते. सरांची सून सगळ्यांना सांगत होती की पोटच्या पोरानं केलं नसतं इतकं यांनी केलं. मी खाली बघत होतो. लोकांना वाटलं, रडतोय.

शिक्षक दिनाला रसूल दरवर्षी मला फोन करतो. सरांना माझा नमस्कार सांग, नाव नको सांगू, एका जुन्या पोराचा म्हन. यंदाही आला. "सर बरे हायत नव्हं?"

मी म्हणालो, "बरे हायत."

सर गेल्याचं सांगितलं असतं तर तो आला असता. मातीवर डोकं ठेवायला तरी आलाच असता, आणि लोहाऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर कुणाला ना कुणाला तो जिवंत दिसला असता. म्हणून मी सर मेल्यावरही मरू दिले नाहीत. सरांसाठी रसूल मेला, रसूलसाठी सर जिवंत आहेत. दोन्ही माझ्याच यादीत आहेत.

परवा मेळावा आहे. बॅनर छापून आलाय, दुकानात गुंडाळून ठेवलाय. वर मधोमध सरांचा फोटो. खाली गेलेल्यांच्या ओळीत रसूलचा — वर्गाच्या फोटोतून मीच कापून मोठा केला. पंधरा वर्षांचा आहे त्यात, तेल लावून चापून बसवलेले केस, भुवईवर व्रण. त्याला हार घालायचं काम दरवर्षी माझ्याकडंच असतं.

मग सगळे उभे राहतील. घड्याळ मी बघतो. दोन मिनिटं भरली की मीच माईकवर सांगतो, बसा.